फोर्ड पद्धती व मोठ्या प्रमाणावरील उत्पादन

एकाच नमुन्याची वस्तू, अदलाबदल करता येण्याजोग्या सुट्या भागांपासून, ठराविक कामापुरत्या बनविलेल्या यंत्रांच्या साहाय्याने आणि कामाचा ओघ अखंड चालू ठेवून, प्रचंड संख्येने तयार करण्याच्या पद्धतीस मोठ्या प्रमाणावरील उत्पादन किंवा महोत्पादन असे म्हणतात. केवळ संख्या मोठी असणे हे या पद्धतीचे लक्षण नव्हे. कापड, मीठ, विटा यांसारख्या वस्तू फार पूर्वीपासून मोठ्या संख्येने वा राशीने तयार होत होत्या. हजारो निरनिराळ्या भागांची जुळणी करून होणारी मोटारगाडीसारखी गुंतागुंतीची वस्तू सामान्य माणसाला परवडेल अशा किंमतीत तयार करणे, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय. तिचे बहुतेक घटक एकोणिसाव्या शतकाअखेर सुटेसुटे अस्तित्वात आले होते. मात्र ते सर्व एकत्र येऊन त्यांची एक सुसंगत व्यवस्था बनली, ती अमेरिकेतील डिट्रॉइटनजीकच्या फोर्ड मोटर कंपनीच्या हायलंड पार्क कारखान्यात, १९१० ते १९१४ या काळात. या कंपनीचा संस्थापक हेन्री फोर्ड (३० जुलै १८६३ – ७ एप्रिल १९४७) याच्या नावावरून पुढे या व्यवस्थेस ‘फोर्डवाद’ ही संज्ञाही प्राप्त झाली.

पूर्वपीठिका : सुटे भाग इतके अचूक बनवावयाचे, की कोणताही भाग कोणत्याही नगास बसावा, ही कल्पना प्रथम शस्त्रनिर्मितीत रुजली. रणांगणावर बंदुकीचा एखादा भाग मोडल्यास दुसऱ्या बंदुकीचा भाग काढून तेथे बसविता यावा, ही लष्कराची गरज तिच्या मुळाशी होती. एली व्हिटनी याने १७९८ मध्ये अमेरिकन शासनाशी दहा हजार बंदुका दोन वर्षांत पुरविण्याचा करार केला; त्या पुऱ्या होण्यास प्रत्यक्षात १८०९ साल उजाडले. त्याच्या बंदुकांचे भाग खऱ्या अर्थाने अदलाबदल करण्याजोगे नव्हते, असे पुढील संशोधनावरून दिसून आले आहे. ही अचूकता प्रथम साध्य झाली ती स्प्रिंगफील्ड व हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारांशी संबंधित कारागिरांच्या प्रयत्नांतून. त्यांत १८२०–३० च्या दशकात हार्पर्स फेरी येथे रायफली बनविणारा जॉन हॉल याचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. मापक, धारक साधने व खास यांत्रिक हत्यारे यांवर आधारलेली ही पद्धती कारागिरांबरोबर शिवणयंत्रे, कापणीयंत्रे व सायकली यांच्या कारखान्यांत पोहोचली. तथापि सिंगर कंपनीच्या प्रख्यात शिवणयंत्रांचे भागदेखील १८८० च्या सुमारापर्यंत जुळणीच्या वेळी कानशीने घासून बसवावे लागत. जोपर्यंत कानस हाती असलेला कुशल जोडारी आवश्यक होता, तोपर्यंत उत्पादनाच्या वेगास त्याच्या हाताची मर्यादा होती.

दुसरा घटक म्हणजे कामाचा अखंड ओघ. ऑलिव्हर एव्हान्झ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पिठाची अशी गिरणी उभारली होती, की तीत धान्य एका टोकास पडे आणि माणसाचा हात न लागता दुसऱ्या टोकास पीठ बाहेर येई. शिकागो येथील मांसप्रक्रिया कारखान्यांत जनावरांची धडे माथ्यावरील रुळावरून टांगून पुढे सरकविली जात आणि प्रत्येक कामगार आपल्या जागी उभा राहून एकच भाग कापून काढी. तेथे वस्तूचे विघटन होत असे. मोटारीच्या कारखान्यात त्याच क्रमाने उलट क्रिया करता येईल, ही कल्पना फोर्डच्या कारखान्यातील काही मंडळींना येथूनच सुचली. फोर्डने १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथात हे ऋण मान्य केले आहे.

मोटार उद्योगातही फोर्डच्या आधी काही प्रयत्न झाले होते. रॅन्सम ओल्ड्झ याने १९०१ पासून एकाच हलक्या नमुन्याची मोटार मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. १९०१ मधील सु. चारशे गाड्यांवरून तीन वर्षांत हे उत्पादन पाच हजारांवर गेले. कॅडिलॅक कंपनीचा हेन्री लेलंड हा अचूक मापनाचा पुरस्कर्ता होता. १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्झ येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, त्यांतून पुन्हा जुळविलेल्या तिन्ही गाड्या ५०० मैलांच्या (सु. ८०० किमी.) चाचणीत उतरल्या. अचूकतेचा प्रश्न सुटल्याची ही ग्वाही होती. मात्र यूरोपात आणि अमेरिकेतही मोटार ही या काळात मुख्यतः श्रीमंतांची हौसेची वस्तू होती.

हेन्री फोर्ड व मॉडेल टी : फोर्डचा जन्म मिशिगन राज्यातील डिअरबॉर्ननजीक एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो डिट्रॉइटला गेला व यंत्रशाळेत उमेदवार म्हणून राहिला. पुढे एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत अभियंता असताना त्याने १८९६ मध्ये आपली पहिली चारचाकी गाडी तयार केली. त्याच्या सहभागाने निघालेल्या पहिल्या दोन कंपन्यांत त्यास यश लाभले नाही. १६ जून १९०३ रोजी स्थापन झालेली फोर्ड मोटर कंपनी हा त्याचा तिसरा प्रयत्न होता. त्या वेळी कंपनीच्या हाती रोख भांडवल केवळ २८,००० डॉलर होते, आणि एंजिन व दंतचक्रमालेसह बहुतेक भाग बाहेरून, मुख्यतः डॉज बंधूंच्या कारखान्यातून येत.

महाग गाड्यांत प्रत्येक नगामागे नफा अधिक असल्याने कंपनीच्या काही भागीदारांचा ओढा त्यांकडे होता. फोर्डचे मत याच्या नेमके उलट होते. एकच साधी, टिकाऊ व हलकी गाडी निवडावी, तीत वरचेवर बदल करू नयेत आणि सर्व बुद्धी ती स्वस्त कशी होईल याकडे लावावी, असे त्याचे धोरण होते. त्यानुसार तयार झालेली ‘मॉडेल टी’ ही गाडी ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आली. तिच्या २० अश्वशक्तीच्या एंजिनाचे चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात असून सिलिंडरांचे टोपण वेगळे काढता येत असे. महत्त्वाच्या भागांसाठी व्हॅनेडियम पोलाद वापरल्यामुळे गाडी वजनास हलकी, पण मजबूत होती. तिचा सांगाडा जमिनीपासून उंच असल्याने खेड्यापाड्यांतील खाचखळग्यांच्या वाटांवरही ती चाले. साध्या हत्यारांनी शेतकरी स्वतःच तिची दुरुस्ती करू शके. मागील चाक उचलून त्यास पट्टा जोडला, की लाकूड कापण्याचे किंवा तशा प्रकारचे अन्य यंत्रही तिच्यावर चालविता येई. आरंभी तिची किंमत ८५० डॉलर होती व पहिल्या वर्षी दहा-बारा हजार गाड्या तयार झाल्या. मागणी मात्र पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. कारखान्यात यानंतर जे फेरबदल झाले, त्यांमागे मुख्यत्वे हीच निकड होती.

हायलंड पार्क कारखाना : ॲल्बर्ट कान या वास्तुशिल्पज्ञाने आखलेला हायलंड पार्क येथील नवा कारखाना १ जानेवारी १९१० रोजी सुरू झाला. सु. २६४ मी. लांबीच्या त्याच्या चार मजली मुख्य इमारतीत सलोह काँक्रीटचा वापर केल्यामुळे भिंतींचा मोठा भाग काचेने व्यापता आला आणि आत भरपूर उजेड मिळाला. यंत्रशाळांत तोवर सर्व छिद्रण यंत्रे एका दालनात, सर्व चक्री कर्तन यंत्रे दुसऱ्या दालनात अशी मांडणी असे. त्यामुळे प्रत्येक भागास एका दालनातून दुसऱ्या दालनात फेऱ्या घालाव्या लागत. वॉल्टर फ्लँडर्झ या उत्पादनतज्ञाच्या सूचनेवरून फोर्डच्या जुन्या कारखान्यातच ही मांडणी बदलण्यास प्रारंभ झाला होता. हायलंड पार्कमध्ये ती पूर्णत्वास गेली. ज्या क्रमाने भागावर संस्कार व्हावयाचे, त्याच क्रमाने यंत्रे शेजारीशेजारी बसविण्यात आली. एका यंत्रावरील काम संपताच तो भाग उतरत्या पन्हाळीवरून पुढील यंत्रापाशी जाई.

नमुना बदलावयाचा नाही हे एकदा ठरल्यामुळे प्रत्येक कामासाठी खास यंत्र बनविणे परवडू लागले. एंजिनाच्या ठोकळ्यास चार बाजूंनी एकाच वेळी ४५ छिद्रे पाडणारे यंत्र हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. भाग धारकात ठेवावयाचा, तरफ ओढावयाची आणि भाग काढून घ्यावयाचा, एवढेच काम चालकाकडे उरले. अचूकता कारागिराच्या हातातून यंत्रात गेली. परिणामी शेतावरून किंवा परदेशातून नुकताच आलेला अननुभवी माणूसही थोड्या दिवसांत हे काम करू लागला. जुळणीच्या वेळी कानस चालविणारा जोडारी येथे अनावश्यक ठरला.

सरकती जुळणी : वरील सर्व सुधारणांनंतरही जुळणी जुन्याच रीतीने होत होती. सांगाडा एका जागी ठेवलेला असे व कामगारांच्या टोळ्या भाग घेऊन त्याच्याभोवती फिरत. यंत्रशाळेचा वेग वाढला, तसे जुळणीचे दालन तुंबू लागले. यावर उपाय म्हणून १ एप्रिल १९१३ रोजी प्रचक्रावर बसविल्या जाणाऱ्या मॅग्नेटोच्या (चुंबकी विद्युत् जनित्राच्या) जुळणीत एक प्रयोग करण्यात आला. तोवर एक कामगार संपूर्ण मॅग्नेटो सु. २० मिनिटांत जुळवीत असे. आता २९ कामगारांना एका लांब फळीसारख्या मांडणीशी उभे करून प्रत्येकास एक-दोन क्रिया नेमून दिल्या गेल्या, व आपली क्रिया होताच मॅग्नेटो शेजाऱ्याकडे सरकविण्यास सांगण्यात आले. पहिल्याच दिवशी दर मॅग्नेटोमागील श्रमकाल १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. मांडणीची उंची वाढवून कामगारांचे वाकणे टाळल्यावर तो सात मिनिटांवर, आणि सरकत्या साखळीने काम पुढे नेण्याची व्यवस्था झाल्यावर पाच मिनिटांवर उतरला. साखळीमुळे मंद कामगारास वेग आला व घाई करणाऱ्यास आळा बसला. कामाचा वेग यापुढे कामगार ठरविणार नव्हता, तर साखळी ठरविणार होती.

एंजिन व अन्य घटकांच्या जुळणीतही हाच बदल करण्यात आला आणि १९१३ च्या ऑगस्टमध्ये संपूर्ण सांगाड्याचे प्रयोग सुरू झाले. त्या वेळी एका सांगाड्याच्या जुळणीस सु. साडेबारा तासांचा श्रमकाल लागत असे. प्रथम सांगाडा दोराने जमिनीवरून ओढीत नेला जाई व सहा जुळारी त्याच्याबरोबर चालत वाटेत रचून ठेवलेले भाग बसवीत. एवढ्यानेच श्रमकाल सहा तासांच्या आत आला. पुढे कामगार एका जागी व सांगाडा सरकता अशी व्यवस्था झाली, कामाची अधिक बारीक विभागणी झाली व साखळी आली; एप्रिल १९१४ पर्यंत हा काल १ तास ३३ मिनिटे झाला. या शोधाचे श्रेय कोणा एकास देता येत नाही. चार्ल्स सोरेन्सन, पीटर मार्टिन, क्लॅरेन्स एव्हरी, विल्यम क्लान इ. अनेकांचा त्यात वाटा होता. प्रयोगास मोकळीक देणे व यशस्वी ठरलेला बदल तत्काळ सर्वत्र लागू करणे, ही फोर्डची कामगिरी होय. फ्रेडरिक टेलर याच्या शास्त्रीय व्यवस्थापनाशी या पद्धतीचे साम्य दिसते; परंतु टेलरचा भर असलेले काम कामगाराने अधिक कार्यक्षमतेने कसे करावे यावर होता, तर फोर्डच्या कारखान्यात ते कामच यंत्र व मांडणी बदलून नव्याने घडविले गेले.

पाच डॉलरांचा रोज : नव्या पद्धतीने उत्पादन वाढले, पण माणसे टिकेनात. दिवसभर एकच हालचाल, तीही साखळीच्या वेगाने करणे अनेकांना असह्य झाले. १९१३ मध्ये सु. १४,००० कामगारांचे संख्याबळ राखण्यासाठी कंपनीस ५२,००० च्या वर माणसे भरती करावी लागली. म्हणजेच कामगारांच्या गळतीचे वार्षिक प्रमाण सु. ३७० टक्के होते. सरकत्या जुळणीवरील कामगारांचे हे मत कोणत्याही सभेत वा पत्रकात मांडले गेले नाही. ते काम सोडून जाण्याच्या रूपाने व्यक्त झाले.

५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने कामाचे तास नवावरून आठावर आणल्याची व पात्र कामगारांस किमान पाच डॉलर रोज देण्याची घोषणा केली. प्रचलित रोज याच्या निम्म्याहूनही कमी होता. घोषणेनंतर हजारो लोक कडाक्याच्या थंडीत कारखान्याच्या दारी जमले. त्यांना पांगविण्यासाठी पाण्याचे फवारे मारण्यात आले. गळतीचे प्रमाण १९१४ मध्ये ५४ टक्क्यांवर व १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर आले. कामगार टिकल्यामुळे शिकवणीचा व खोळंब्याचा खर्च वाचला.

ही वाढ सरसकट नव्हती. पाच डॉलरांपैकी जवळजवळ निम्मी रक्कम नफ्यातील वाटा म्हणून मिळे व तो मिळण्यासाठी कामगाराचे वर्तन कंपनीच्या कसोटीस उतरावे लागे. त्यासाठी कंपनीने ‘समाजशास्त्रीय विभाग’ उघडला. या विभागाचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन स्वच्छता, मद्यपान, बचत व कौटुंबिक वागणूक यांची चौकशी करीत. परदेशातून आलेल्यांना इंग्रजीच्या वर्गास जावे लागे. आरंभी स्त्री-कामगारांना ही योजना लागू नव्हती. चांगले वेतन व खासगी जीवनातील हस्तक्षेप यांची अशी सांगड प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर घातली गेली होती.

किंमत व बाजारपेठ : उत्पादन वाढेल तशी किंमत उतरवावयाची आणि किंमत उतरेल तसा नवा ग्राहकवर्ग मिळवावयाचा, असे फोर्डचे सूत्र होते. १९१० मध्ये मॉडेल टी गाडीची किंमत ७८० डॉलर व वार्षिक उत्पादन सु. १९,००० होते, १९१६ मध्ये ३६० डॉलर किंमत व सु. ५,७७,००० उत्पादन असे हे आकडे झाले. १९२५ च्या सुमारास सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत २६० डॉलर होती. १९१४ नंतर काही वर्षे गाडी केवळ काळ्या रंगात मिळे. उत्पादनातील एकसारखेपणाचा आग्रह त्यातूनही दिसून येतो.

या पद्धतीतून निर्माण होणारे आधिक्य कोणाचे, हा प्रश्न न्यायालयातही गेला. नफा भागधारकांना न वाटता किंमती उतरविण्यासाठी व नव्या कारखान्यासाठी वापरण्याच्या फोर्डच्या निर्णयाविरुद्ध डॉज बंधूंनी दावा लावला. कंपनी ही प्रामुख्याने भागधारकांच्या लाभासाठी चालवावयाची असते, असा निर्वाळा मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये दिला व सु. १·९ कोटी डॉलर लाभांश वाटण्याचा आदेश कायम केला. त्याच वर्षी फोर्ड कुटुंबाने इतरांचे सर्व भाग विकत घेतले. त्यानंतर या उद्योगावर एका व्यक्तीचे निरंकुश नियंत्रण आले.

रूझ कारखाना व पद्धतीच्या मर्यादा : डिअरबॉर्न येथे रूझ नदीकाठी १९१७ पासून उभारलेल्या प्रचंड कारखान्यात कच्च्या मालापासून गाडीपर्यंतचे सर्व टप्पे एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न झाला. झोतभट्ट्या, ओतशाळा, पोलादाचा व काचेचा कारखाना, वीजकेंद्र व बंदर या सर्वांचा त्यात समावेश होता. कोळशाच्या खाणी, जंगले, जहाजे व एक लोहमार्गही कंपनीच्या मालकीचे होते. १९२९ च्या सुमारास तेथे एक लाखावर कामगार होते. रबरासाठी ब्राझीलमधील टापाझोस नदीकाठी १९२८ पासून ‘फोर्डलँडिया’ ही वसाहत उभारण्यात आली. परंतु झाडांवरील रोग व कामगारांतील असंतोष यांमुळे ती यशस्वी झाली नाही व १९४५ मध्ये ब्राझील शासनास विकण्यात आली. कारखान्यातील शिस्त निसर्गास लावता येत नाही, याचा तो प्रत्यय होता.

अधिक गंभीर मर्यादा खुद्द पद्धतीतच होती. एकाच नमुन्यासाठी बनविलेली यंत्रे तो नमुना असेपर्यंतच उपयोगी पडत. अमेरिकेत ज्यांना गाडी हवी होती, त्यांपैकी बहुतेकांकडे १९२५ च्या सुमारास ती आली होती. त्यांना आता अधिक सुखसोयींची, रंगीत व नव्या घाटाची गाडी हवी होती. जनरल मोटर्स कंपनीने ॲल्फ्रेड स्लोन याच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या उत्पन्नगटांसाठी निरनिराळ्या गाड्या, दरवर्षी नवा नमुना व हप्त्यांनी विक्री या धोरणाचा अवलंब केला. सहकाऱ्यांनी सुचवूनही फोर्डने दीर्घकाळ बदल नाकारला. अखेर मे १९२७ मध्ये मॉडेल टीचे उत्पादन थांबविण्यात आले. तोवर दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. पुढील ‘मॉडेल ए’ गाडीसाठी कारखाने सु. सहा महिने बंद ठेवावे लागले, हजारो कामगार बेकार झाले आणि विक्रीतील पहिले स्थान शेव्हरोलेकडे गेले.

कामगारसंबंध : पाच डॉलरांचे तेज फार काळ टिकले नाही. महायुद्धकालीन महागाईने वेतनाचे मोल घटले, समाजशास्त्रीय विभाग मागे पडला व त्याची जागा हॅरी बेनेट याच्या हाताखालील पहारेकऱ्यांच्या दलाने घेतली. साखळीचा वेग वाढविणे, बोलण्यास मनाई, अचानक कामावरून काढणे यांविषयी तक्रारी वाढल्या. महामंदीच्या काळात, ७ मार्च १९३२ रोजी, रूझ कारखान्यावर गेलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन चारजण जागीच ठार झाले. २६ मे १९३७ रोजी पत्रके वाटण्यास आलेल्या संघटना-कार्यकर्त्यांना कारखान्याच्या पुलावर मारहाण झाली. अन्य मोठ्या मोटार कंपन्यांनी मान्यता दिल्यानंतर चार वर्षांनी, १९४१ मध्ये झालेल्या संपानंतर, फोर्डने संयुक्त मोटार कामगार संघटनेशी करार केला. कृष्णवर्णीयांना इतर मोटार कंपन्यांपेक्षा अधिक संख्येने येथे काम मिळाले, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. तथापि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला ओतशाळेतील सर्वांत कष्टाची कामे आली. फोर्डच्या मालकीच्या साप्ताहिकातून १९२० नंतर काही वर्षे ज्यूंविरुद्ध विषारी प्रचार करण्यात आला. १९२७ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, परंतु १९३८ मध्ये नाझी जर्मनीचा सन्मान स्वीकारला. त्याच्या औद्योगिक कर्तृत्वाचा विचार करताना ही बाजू वगळता येत नाही.

प्रसार व प्रभाव : फोर्ड पद्धती गुप्त ठेवण्यात आली नव्हती. तांत्रिक नियतकालिकांचे प्रतिनिधी व परदेशी अभियंते यांना कारखाना मोकळेपणाने दाखविला जाई. त्यामुळे काही वर्षांतच निर्वात झाडूयंत्रे, प्रशीतक, रेडिओ इ. घरगुती वस्तूंच्या निर्मितीत सरकती जुळणी आली. १९२६ मध्ये एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका या कोशाच्या पुरवणी खंडात या विषयावरील लेख फोर्डच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर महोत्पादन ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरनजीक ट्रॅफर्ड पार्क येथे १९११ मध्ये फोर्डचा कारखाना निघाला होता. फ्रान्समध्ये सीत्रोएन व इटलीत फीआट यांनी पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धती स्वीकारली. सोव्हिएट रशियाने १९२९ मध्ये फोर्डशी करार करून निझनी नॉव्हगोरॉड (नंतरचे गॉर्की) येथे कारखाना उभारला. भांडवलशाही व साम्यवाद या परस्परविरोधी व्यवस्थांना हे एकच तंत्र हवेसे वाटले. दुसऱ्या महायुद्धात विलो रन येथील कारखान्यात बी-२४ बाँबफेकी विमाने याच तत्त्वावर तयार झाली. १९४४ मध्ये तेथे ताशी सु. एक विमान बाहेर पडत होते.

विचारवंत व कलावंत यांनीही या पद्धतीची दखल घेतली. इटालियन मार्क्सवादी विचारवंत आंतोन्यो ग्राम्शी याने तुरुंगातील टिपणांत अमेरिकनवाद व फोर्डवाद यांची चिकित्सा केली. ऑल्डस हक्सली याच्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड (१९३२) या कादंबरीत कालगणनाच फोर्डपासून सुरू होते. चार्ली चॅप्लिनच्या मॉडर्न टाइम्स (१९३६) या चित्रपटात साखळीपुढे उभ्या असलेल्या कामगाराची दैना चित्रित झाली आहे.

जपानमधील टोयोटा कंपनीच्या एइजी टोयोडा याने १९५० मध्ये रूझ कारखान्याची पाहणी केली. जपानी बाजारपेठ लहान व भांडवल अपुरे असल्याने ती पद्धती जशीच्या तशी घेणे शक्य नव्हते. ताइइची ओनो व त्याचे सहकारी यांनी साठे कमीत कमी ठेवणे, हवा तो भाग हव्या त्या वेळी आणणे, एकाच रांगेवर निरनिराळे नमुने बनविणे व दोष दिसताच रांग थांबविण्याचा अधिकार कामगारास देणे, असे बदल तीत केले. स्वीडनमधील व्हॉल्व्हो कंपनीने १९७४ मध्ये काल्मार येथे साखळीऐवजी गटांनी जुळणी करण्याचा प्रयोग केला. तो कारखाना १९९४ मध्ये बंद झाला.

भारतातील स्थिती : फोर्डची भारतातील उपकंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली व आयात केलेल्या सुट्या भागांपासून मुंबई आदी बंदरांच्या शहरांत गाड्यांची जुळणी होऊ लागली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे असाच कारखाना काढला. १९५३ मध्ये भारत शासनाने केवळ जुळणी न करता टप्प्याटप्प्याने सर्व भाग देशात बनविणाऱ्यांनाच परवानगी देण्याचे ठरविल्यावर या दोन्ही कंपन्यांनी येथील काम आवरते घेतले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली व कुर्ला येथे कारखाना असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि १९४२ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान मोटर्स यांनी देशी उत्पादन सुरू केले. तथापि मर्यादित मागणी व परवाना पद्धती यांमुळे उत्पादनसंख्या अल्प राहिली. कमी किंमतीच्या मोटारीचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन भारतात १९८३ मध्ये मारुती गाडीपासून सुरू झाले. फोर्ड कंपनी १९९५ मध्ये महिंद्र कंपनीच्या सहकार्याने भारतात परत आली. २०२१ मध्ये तिने येथील मोटारनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला.

महात्मा गांधींनी मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या जागी बहुजनांच्या हातून होणाऱ्या उत्पादनाचा पुरस्कार केला. उत्पादन एका ठिकाणी एकवटले, की सत्ता व संपत्तीही तेथेच एकवटते आणि मग वाटपाचा प्रश्न निर्माण होतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९४१ मध्ये फोर्डने त्यांना आदर व्यक्त करणारे पत्र पाठविले, तेव्हा गांधीजींनी आपली सही असलेला एक चरखा त्यास भेट पाठविला.

मूल्यमापन : फोर्ड पद्धतीने श्रीमंतांची हौस असलेली वस्तू सामान्यांच्या आवाक्यात आणली, वस्तू करणारा कामगार तिचा ग्राहकही होऊ शकतो हे दाखविले आणि विसाव्या शतकातील राहणीमानाची घडण बदलली. त्याचबरोबर तिने काम व कौशल्य यांची फारकत केली. आठ तासांचा दिवस व वाढीव वेतन हा त्या फारकतीचा मोबदला होता. तो पुरेसा होता की नाही, यावर मालक व कामगार यांचे एकमत कधीच झाले नाही. यंत्रमानवांच्या आगमनामुळे साखळीवरील पुष्कळ कष्टाची कामे माणसाच्या वाट्यातून गेली आहेत. तथापि कामाचा वेग कोणी ठरवावा व वाढलेल्या उत्पादकतेचा लाभ मालक, कामगार व ग्राहक यांच्यात कसा वाटला जावा, हे हायलंड पार्कमध्ये प्रथम तीव्रतेने पुढे आलेले प्रश्न आधुनिक उद्योगधंद्यांपुढे कायम आहेत.